भिंगातील चिकट पाती आणि दुरुस्तीचे अर्थकारण

समाजवादी साप्ताहिकाच्या पानावर कॅमेऱ्याच्या भिंगाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काही कार्यकर्त्यांच्या मनात येईल. छायाचित्रण हा हौशी आणि सुस्थित लोकांचा विषय, ही समजूत त्यामागे असते. परंतु वस्तू बिघडली की ती दुरुस्त करावयाची की टाकून द्यावयाची, हा प्रश्न शेतकऱ्याच्या पंपापासून विद्यार्थ्याच्या मोबाइलपर्यंत सर्वत्र सारखाच आहे. जुन्या भिंगाच्या लहानशा उदाहरणात तो विशेष स्वच्छ दिसतो, म्हणून ते येथे घेतले आहे.

गेल्या काही वर्षांत चित्रपट्टीच्या काळातील भिंगांना पुन्हा मागणी आली आहे. सोव्हिएत झेनिट कॅमेऱ्यांची हेलिओस, पूर्व जर्मनीतील पेंटाकॉन, जपानची ताकुमार ही भिंगे एक साधी धातूची कडी मध्ये बसवून आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांवर चढविता येतात. मात्र अनेक जुन्या भिंगांत एक दोष आढळतो. प्रकाशाचे छिद्र लहानमोठे करणारी पाती, म्हणजे ॲपर्चरची पाती, तेलकट होऊन एकमेकांना चिकटतात. निकॉनचे ५५ मिलिमीटरचे मायक्रो-निक्कोर हे उत्कृष्ट भिंग तर या दोषासाठी प्रसिद्धच आहे.

या दोषाचे कारण समजून घेण्यासारखे आहे. फोकस साधण्यासाठी भिंगाच्या नळीत आटे असतात व त्यांना ग्रीस लावलेले असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ग्रीसमधील तेल सुटे होते आणि हळूहळू पात्यांवर पसरते. खानदेशातील उन्हाळ्यात बंद कपाटात पडून राहिलेल्या भिंगाची अवस्था काय होत असेल, याची कल्पना वाचकांना सहज करता येईल. पाती कागदासारखी पातळ आणि मुळात कोरडी चालण्यासाठी बनविलेली असतात. कळ दाबताच स्प्रिंगच्या जोराने त्यांनी क्षणार्धात ठरलेल्या मापापर्यंत मिटावयाचे असते. तेलामुळे ती रेंगाळली की छिद्र हवे त्याहून मोठे राहते, प्रकाश जास्त शिरतो आणि चित्र फिके पडते.

येथे पहिला धडा मिळतो. प्रत्येक दोष हा बिघाड नसतो. हेलिओस ४४-२ सारख्या भिंगात पाती स्प्रिंगने नव्हे, तर हाताने कडे फिरवून मिटविली जातात. तेथे थोडे तेल असले तरी कामात अडथळा येत नाही. तरीही विक्रेता तेलाचा डाग दाखवून भाव पाडतो, आणि ग्राहक घाबरून दुसरे भिंग शोधू लागतो. वस्तू कशी चालते हे ज्याला ठाऊक नसते, तो बाजारात नेहमीच दुबळा ठरतो.

खरोखर चिकटलेली पाती सुधारण्याची रीत कठीण नसली तरी चिकाटीची आहे. दोन टोकांच्या पान्याने कडी सोडवून काचांचे गट बाजूला काढावयाचे, पाती नॅप्थासारख्या द्रवाने पुनःपुन्हा धुवावयाची, पूर्ण वाळवावयाची आणि त्यांवर तेलाचा थेंबही पडू द्यावयाचा नाही. शिवाय आट्यांतील जुने ग्रीस पुसून नवे भरावयाचे, कारण मूळ तेथे आहे. काच न काढता फटीतून द्रव सोडण्याचा झटपट उपाय काही जण करतात. त्यामुळे तेल काचेवर पसरते आणि काही काळाने दोष परत येतो. रोगाचे कारण तसेच ठेवून लक्षण पुसण्याच्या या पद्धतीचा अनुभव शासकीय योजनांच्या बाबतीतही आपणांस आहेच.

अर्थात दुरुस्तीचा अंधळा आग्रहही धरू नये. बुरशीने काच खाल्ली असेल, दोन काचा जोडणारा डिंक सुटला असेल किंवा पात्याची खुंटी तुटली असेल, तर हेलिओससारखे विपुल प्रमाणात बनलेले भिंग दुसरे घेणे आणि पहिले सुट्या भागांसाठी राखून ठेवणे, हाच हिशेबी मार्ग होय. प्रश्न निवडीचा आहे. ही निवड वापरणाऱ्याच्या हाती आहे की विकणाऱ्याच्या, एवढेच तपासावयाचे आहे.

मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात यंत्राच्या झिजेचे दोन प्रकार सांगितले. एक प्रत्यक्ष झीज. दुसरी, नवे किंवा स्वस्त यंत्र निघाल्यामुळे जुन्याचे मूल्य घटते ती. आजच्या बाजाराने तिसरा प्रकार काढला आहे: वस्तू उघडताच येऊ नये अशी तिची रचना करावयाची. जुने भिंग स्क्रूंनी आणि आट्यांनी जोडलेले असते. नव्या भिंगातील पाती सूक्ष्म मोटारीवर आणि विजेच्या पट्टीवर चालतात. ती अडली की बहुधा सबंध भागच बदलावा लागतो, आणि तो भाग व त्याचे ज्ञान कंपनीच्या कुलपात असते. ही प्रवृत्ती आजची नाही. १९२४ साली जिनिव्हात विजेचे दिवे बनविणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी ‘फीबस’ नावाचा संघ स्थापून दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर आणण्याचे ठरविले होते. तेव्हा दोष तंत्रज्ञानाचा नव्हे, तर मालकीचा आहे.

याच्या उलट उदाहरणासाठी आमच्या भागाला दूर जावे लागत नाही. पुरुषोत्तमनगर ही शहादा तालुक्यातील वसाहत सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्यामुळे ओळखली जाते. साखर कारखानदारीचा शिरस्ता असा की, गळीत हंगाम संपला की यंत्रसामग्री खोलावयाची, चरकाचे रोलर तपासावयाचे, नळ्यांत साचलेला थर खरवडून काढावयाचा आणि पुढच्या बॉयलर अग्निप्रदीपनापर्यंत सर्व जुळवून ठेवावयाचे. रोलर झिजला म्हणून कोणी कारखाना मोडीत काढीत नाही. दुरुस्ती ही तेथे नामुष्की नसून वार्षिक कर्तव्य असते. ती शक्य होते, कारण यंत्र उघडण्याजोगे असते आणि उघडणारा फिटर पगारावर असतो.

हा दुसरा मुद्दा आपल्या चळवळीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. आपल्याकडे दुरुस्ती टिकून आहे ती बरीचशी कारागिराचे श्रम स्वस्त असल्यामुळे, याचा अभिमान बाळगण्याचे कारण नाही. काटकसरीच्या नावाने कारागिराची उपेक्षा हा समाजवाद नव्हे. १९७२ साली याच शहादा तालुक्यात श्रमिक संघटनेने शेतमजुरांच्या मजुरीचा प्रश्न उभा केला. तोच न्याय पान्याने काम करणाऱ्या हातांनाही लागू आहे. नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी कुटुंबे आजही ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. त्यांच्या मुलांना सूक्ष्म यंत्रे दुरुस्त करण्याचे शिक्षण, हत्यारे आणि सुटे भाग गावाजवळ मिळाले, तर तो रोजगार यंत्राने हिरावून घेता येणार नाही. डॉ. राममनोहर लोहियांनी लहान यंत्राचा जो आग्रह धरला, त्याचा आजचा अर्थ हा आहे: ज्याच्या हाती यंत्र, त्याला ते कळले पाहिजे आणि दुरुस्त करता आले पाहिजे.

शासनाने या दिशेने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुटे भाग आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र कारागिरांपासून रोखून धरल्याबद्दल सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ते प्रकरण पुढे न्यायालयांत गेले. २०२२ साली केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे व वाहने ही क्षेत्रे निवडली; वर्षअखेरीस एक संकेतस्थळही उघडले. परंतु संकेतस्थळ म्हणजे हक्क नव्हे. युरोपीय संघाने २०२४ साली याविषयी निर्देश संमत केला. स्वीडनने २०१७ साली सायकली, पादत्राणे व कपडे यांच्या दुरुस्तीवरील कर २५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आणला होता. आपल्याकडे दुरुस्तीच्या सेवेवर सर्वसाधारणपणे १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. दुरुस्तीची माहिती व सुटे भाग वाजवी किमतीत देण्याचे बंधन कंपन्यांवर कायद्याने घालावे. दुरुस्तीवरील कर कमी करावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सूक्ष्म दुरुस्तीचे अभ्यासक्रम सुरू करून कारागिरांच्या सहकारी संस्थांना हत्यारांसाठी भांडवल पुरवावे. उत्पादनाची साधने कोणाच्या मालकीची, हा समाजवादाचा जुना प्रश्न कायमच आहे. विकत घेतलेल्या वस्तूचा स्क्रू सोडविण्याचा अधिकार कोणाचा, हा त्याचाच घराघरात शिरलेला नवा भाग आहे. ग्रामीण भागातील कार्यकर्त्यांनी पंप, ट्रॅक्टर आणि मोबाइलच्या तक्रारींपासून या कामाची सुरुवात करावी.