तालीम टिकली, तर पेठ टिकेल

कोल्हापूर - कुस्ती म्हटले की पदके, गदा आणि केसरी किताबांची चर्चा होते. एप्रिल २०२२ मध्ये पृथ्वीराज पाटीलने महाराष्ट्र केसरी जिंकून कोल्हापूरची २१ वर्षांची प्रतीक्षा संपविली, तेव्हा शहराने जल्लोष केला आणि तो रास्तच होता. मात्र या शहरातील तालमींचे मोल केवळ किताबांच्या यादीवरून ठरविणे म्हणजे वडाच्या झाडाची किंमत लाकडावरून करण्यासारखे आहे. तालमीने पेठेला काय दिले, याचा हिशेब कोणत्याही क्रीडा खात्याच्या दप्तरात सापडणार नाही. म्हणूनच तो मांडणे आवश्यक आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला. १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. मल्लांच्या खुराकाची व्यवस्था झाली, गावोगावची मुले शहरात येऊन राहू लागली. याच राजाने १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या होत्या, हे लक्षात घेतले तर तालमींमागील दृष्टीही उमगते. ताक, लिंबू, हळद आणि तेल घालून मळलेल्या मातीत दोघे जण अंगाला अंग भिडवून उतरतात, तेव्हा शिवाशिवीला जागाच उरत नाही. उपदेशाने जे साधत नव्हते, ते रोजच्या सरावातून साधण्याची सोय तालमीत झाली.

वस्तादाचा धाक

तालीम चालते कशी, हे पाहिले म्हणजे तिचे सामाजिक सामर्थ्य कळते. पहाटे जोर-बैठका, मग हौदातील लढती, स्वतःच्या हाताने रांधलेले जेवण, दुपारची विश्रांती आणि सायंकाळी पुन्हा मेहनत. खेड्यातून आलेला शेतकऱ्याचा मुलगा वर्षानुवर्षे तालमीतच राहतो. वस्ताद त्याला डाव शिकवितो, तसाच तो रात्री कोठे होता, याची चौकशीही करतो. पालक दूर असलेल्या वयात हा धाक आणि ही माया दोन्ही मोलाची ठरतात. कुस्तीत पुढे न गेलेला मुलगाही निर्व्यसनी शरीर आणि शिस्तीची सवय घेऊन घरी परततो. अशा मुलांची नावे वृत्तपत्रांत येत नाहीत. पण तालमीची खरी कमाई तीच आहे.

शहरातील अनेक तालमी आता केवळ कुस्तीपुरत्या उरलेल्या नाहीत. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल या नावांमागील ‘तालीम मंडळ’ हे शब्द आज फुटबॉलच्या मैदानावर गाजतात. मर्दानी खेळांचे आखाडे लाठी, विटा आणि दांडपट्ट्याचे शिक्षण देतात आणि तेथे मुलीही आत्मविश्वासाने पट्टा फिरविताना दिसतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. जुलै २०२१ मध्ये तिने ५६ फूटही ओलांडले. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. अशा वेळी बचाव पथके येतातच. पण कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली आजी आहे आणि कोणत्या वाड्यात बाळंतीण आहे, हे पेठेतील पोरांनाच ठाऊक असते. तालमी आणि तरुण मंडळांचे कार्यकर्ते पुराच्या पाण्यात उतरू शकले, ते या ओळखीच्या बळावर.

परंपरेची परीक्षा

कोल्हापूरच्या काही तालमींत गणपतीही बसतो आणि मोहरमचे पंजेही. २०१८ ते २०२० या काळात दोन्ही सण एकाच सुमारास आले, तेव्हा एका छताखाली दोहोंची प्रतिष्ठापना झाली. याच शहरात जून २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील मजकुरावरून दगडफेक आणि लाठीमार झाला, इंटरनेट बंद करावे लागले. त्या दिवशी सलोख्याची परंपरा अपुरी पडली, हे मान्यच करावे लागेल. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष तालमींच्या विरोधात जात नाही. मोबाईलवरील निरोपाने जमलेल्या गर्दीला वस्ताद नसतो. नावाने हाक मारून थांबविणारे कोणी नसले, की तरुणाच्या बळाचा वापर कोणीही करून घेऊ शकतो.

अर्थात, तालमींचे चित्र सर्वस्वी उजळ नाही. फुटबॉल सामन्यांत समर्थकांच्या हाणामाऱ्या होतात, निवडणुकीच्या काळात मंडळांना भाव येतो, झटपट शरीर कमावण्यासाठी औषधांचा मोह होतो. मुलींसाठी बहुतेक हौदांची दारे दीर्घकाळ बंदच होती. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा व्हायला मार्च २०२३ उजाडावे लागले. सांगलीत झालेल्या त्या स्पर्धेत प्रतीक्षा बागडीने गदा पटकाविली. अर्धा समाज बाहेर ठेवून समाजाच्या भल्याचा दावा करता येत नाही, हे तालमींनीही ओळखले पाहिजे.

प्रश्न आहे तो पुढच्या पिढीचा. दूध, तूप, बदामाचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर चालला आहे. २०२० मध्ये कोरोनामुळे जत्रांतील मैदाने थांबली आणि इनामावर गुजराण करणारे मल्ल शेतमजुरीकडे वळले. जुन्या इमारतींना डागडुजी हवी आहे, तर शहराच्या मध्यवस्तीतील जागांचे भाव वाढतच आहेत. खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला जाऊ शकले, ते राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले म्हणून. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले, ते एका शिक्षकाच्या घरावर. प्रत्येक पिढीला असा खर्डेकर मिळेलच, या भरवशावर संस्था चालत नसतात.

राज्य शासनाने २०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा दर्जा दिला. सन्मान झाला, आता सोयही व्हावी. वस्तादांना नियमित मानधन, इमारतींच्या दुरुस्तीसाठी निधी, मुलींसाठी स्वतंत्र वेळ आणि निवास, आपत्ती निवारणाचे रीतसर प्रशिक्षण, एवढे केले तरी बरेच साधेल. त्या बदल्यात तालमींनीही जमाखर्च खुला ठेवावा आणि उत्तेजकांना थारा देऊ नये. पदके मोजण्याची सवय आपल्याला आहेच. पुढच्या महापुरात दार ठोठावणारे हात किती उरले आहेत, हेही एकदा मोजायला हवे.