हालिकाच्या बायकोची सही



अमेरिकेत नोकरीतून निवृत्त झालेल्या जोडप्यांची एक तऱ्हा आहे. राहत्या घराला कुलूप घालायचे, कुणी तर घर विकूनच टाकतात, आणि एक मोठी मोटार घ्यायची. त्या मोटारीतच बिछाना, चूल, मोरी, पाण्याची टाकी. उत्तरेकडे बर्फ पडू लागला की अशी हजारो म्हातारी माणसे आपापली मोटार हाकत दक्षिणेच्या वाळवंटात येऊन उतरतात. ॲरिझोना राज्यात क्वार्ट्‌झसाइट म्हणून एक लहानसे गाव आहे. हिवाळ्यात त्याच्याभोवती अशा मोटारींची जत्राच भरते. आणि ही मंडळी दिवसभर करतात काय, तर त्यातली कितीतरी डबे शोधत हिंडतात.

हा डब्यांचा खेळ फार जुना नाही. आकाशातल्या उपग्रहांवरून जमिनीवरचे ठिकाण अचूक कळण्याची सोय अमेरिकन लष्कराकडे होती. सामान्य माणसाला मात्र तीत मुद्दाम चूक मिसळून दिली जाई. 2 मे 2000 रोजी ती चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी, 3 मे रोजी, डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहराजवळच्या रानात एक काळी बादली पुरून ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. बादलीत पुस्तके होती, गलोल होती, शिजवलेल्या घेवड्याचा एक बंद डबाही होता. तीन दिवसांत ती दोघांना सापडली. आज जगभरात असे तीस लाखांहून अधिक डबे लपवलेले आहेत. नेवाडाच्या वाळवंटात 375 क्रमांकाचा एक ओसाड रस्ता आहे. परग्रहावरून पाहुणे येतात अशा वावड्यांमुळे 1996 साली सरकारनेच त्याला परग्रहवासीयांचे नाव दिले. त्या रस्त्याच्या कडेला तर शेकड्यांनी डबे आहेत. नियम साधे आहेत. डब्यात वही असते, तीत आपली सही करायची. काही वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. आणि डबा जसा होता तसा, होता तिथेच ठेवून यायचे.

नातवाने मोबाईलवर हे सगळे दाखवले तेव्हा आम्हा उभयतांपैकी जे कारखान्यात फिटर होते ते मोटारीच्या इंजिनाची चौकशी करू लागले. ज्या दवाखान्यात आया होत्या त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं डबे भरण्यातच गेली, आता डबे शोधायला वाळवंटात कोण जातंय?"

प्रश्न रास्तच होता. आणि खरे म्हणजे आम्ही त्याआधीच शोधाशोध सुरू केली होती. मोटार नव्हती, लोणावळा लोकल होती. अक्षांश-रेखांशांऐवजी हातात एक शंभर पानी वही होती, आणि तीत माणसांची नावे होती. ही माणसे दोन हजार वर्षांपूर्वीची, आणि त्यांच्या सह्या आपल्या पुणे जिल्ह्यातल्या कातळावर आहेत.

झाले असे की आमच्या वस्तीतल्या विहारात एक निवृत्त गुरुजी रविवारी धम्मलिपीचा वर्ग घेऊ लागले. हिलाच ब्राह्मी लिपी म्हणतात. ती वाचणारे कुणी उरले नव्हते. 1837 साली जेम्स प्रिन्सेप यांनी ती उलगडली, आणि 1881 साली बर्जेस व भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांचे लेख एकत्र छापले. वर्गात पोरांपेक्षा म्हातारीच जास्त. अक्षरे पाहून भीती वाटते, पण ती अवघड नाहीत. अधिकचे चिन्ह म्हणजे क. वाटोळे म्हणजे ठ. चौकोन म्हणजे ब. उलटा टी म्हणजे न. दोरी लावलेल्या धनुष्यासारखा ध. अक्षराच्या माथ्याशी उजवीकडे आडवी रेघ मारली की झाला काना. चौथीत शाळा सुटलेल्या आमच्या आयुष्यमतींना ती महिन्याभरात येऊ लागली. फिटरसाहेबांना दोन महिने लागले, कारण ते प्रत्येक अक्षर फूटपट्टीने काढत.

पहिली मोहीम भाजे. पुण्याहून लोकलने मळवली, तिथून रूळ ओलांडून दक्षिणेला भाजे गाव, आणि गावामागे पायऱ्या. ही बावीस लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास खोदायला घेतली. येणारे बहुतेक लोक मोठे चैत्यगृह पाहतात, पावसाळ्यात धबधब्याखाली भिजतात आणि भजी खाऊन परत जातात. आम्हाला हवे होते ते सहाव्या क्रमांकाचे लेणे. ते एक वेडेवाकडे, जेमतेम चौदा फूट लांबी-रुंदीचे दालन आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन आणि मागे तीन अशा भिक्खूंच्या खोल्या. त्यांतल्या एका दारावर लेख आहे. भाजे पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी अक्षरे दगडात विरघळल्यासारखी दिसतात. दुपारी तीननंतर ऊन तिरपे आले की ती उठून येतात. आम्ही भाकरी खाऊन वाट पाहत बसलो.

आधी दिसला चौकोन, त्याला काना. मग धनुष्य, त्यालाही काना. आयुष्यमती मोठ्याने वाचू लागल्या. बा, धा. बाधा. हालिकाच्या बायकोचे दान.

हल म्हणजे नांगर, हालिक म्हणजे नांगर धरणारा. हे नाव काहींनी बोधी असेही वाचले आहे, ते वाचणाऱ्यांनी आपसात ठरवावे. हालिक म्हणजे दुसऱ्याच्या रानात राबणारा की स्वतःची जमीन कसणारा, हेही त्या एका शब्दावरून ठरत नाही. अगदीच निष्कांचन बाईला डोंगरात घर खोदून देता आले नसते, एवढे आपल्यालाही कळते. पण एक गोष्ट आम्हा दोघांच्याही लक्षात एकदमच आली. त्या लेखात नवऱ्याचे नाव नाही. त्याचा धंदा आहे, नाव बाईचे आहे.

आमच्या आयुष्यमतींनी अठ्ठावीस वर्षे नोकरी केली. पगारपत्रकावर त्यांची सही होती, खोलीच्या कागदावर नव्हती. रेशनकार्डावर, लग्नपत्रिकांवर, मयताच्या निरोपांत त्या कायम अमक्याच्या घरच्या. त्या दारापुढे त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर त्यांनी वहीत लेख उतरवला आणि खाली स्वतःचे नाव धम्मलिपीत लिहिले, आडनाव न लिहिता. खोलीचा कागद दोघांच्या नावावर करून घेण्याचे काम त्यानंतर महिन्याभरात झाले. त्याला तीन हेलपाटे आणि थोडा घरगुती वाद लागला, त्याचे वर्णन इथे करत नाही.

भाज्यालाच चौदा स्तूपांचा एक समूह आहे, पाच लेण्याच्या आत आणि नऊ बाहेर. ते थेरांचे आहेत. त्यावर अंपिनिक, धमगिरी, संघदिन अशी नावे वाचता येतात. काही अक्षरे पार झिजली आहेत.

कार्ल्याला मात्र आम्ही तीन वेळा गेलो. तिथे नावांची रेलचेल आहे आणि माणसांची गर्दीही, कारण चैत्यगृहाच्या दाराशीच एकवीरेचे देऊळ आहे. कोळी बांधव वाजतगाजत येत असतात. या गर्दीतून वाट काढून आत गेलात की आवाज मागे पडतो. चैत्यगृह सुमारे एकशे चोवीस फूट लांब आणि सेहेचाळीस फूट उंच, इसवी सनाच्या पहिल्या शतकातले. छताला लाकडी कमानी आहेत, आणि ते सागवान मूळचे आहे. फिटरसाहेब मान वर करून तिथे जे उभे राहिले ते हलेनात. लोखंडाला चाळीस वर्षांत गंज चढलेला पाहिलेल्या माणसाला दोन हजार वर्षांचे लाकूड पाहून काय वाटले असेल ते समजून घ्या.

कार्ल्याचे जुने नाव वलूरक. व्हरांड्यातल्या लेखात वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीच्या, भूतपाल सेठींचे नाव आहे. हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे असे त्यांनी लिहवून ठेवले आहे. सेठच ते, त्यांनी आपली जाहिरात करावी हे ठीकच. आमच्या वहीत त्यांच्याआधी दुसरी नावे होती. धेनुकाकट गावचा सुतार सामि, वेणुवासाचा मुलगा, त्याने दाराचे काम केले. त्याच गावचा सिंहदत्त, धंदा सुगंधी द्रव्ये विकण्याचा, त्याचेही दान दाराचेच. खांबांवर यवनांची म्हणजे परदेशी लोकांची नावे आहेत. आणि कोडी नावाची एक भिक्खुणी, घुणिकाची आई, तिने वेदिका म्हणजे कठडा दिला. तो नंदिकाने घडवला, असे तिने लेखातच सांगून टाकले आहे. दान देणारीच्या जोडीला घडवणाऱ्याचेही नाव! आमच्या कारखान्यातून चाळीस वर्षांत किती यंत्रे जोडून बाहेर गेली. त्यावर फक्त मालकाच्या नावाची पितळी पट्टी असे.

शेलारवाडीची लेणी तर आपल्या अगदी दारात. देहूरोडच्या पुढे बेगडेवाडी स्टेशन, आणि समोर घोराडेश्वराचा डोंगर. देहूरोडला तर आपल्यापैकी बहुतेकांचे जाणे होतेच. 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी तिथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. पण तिथून पुढच्याच स्टेशनासमोर बुद्धलेणी आहेत हे विचारले तर निम्म्या लोकांना ठाऊक नसते. मुख्य लेण्यात आता महादेवाची पिंडी आहे, महाशिवरात्रीला यात्रा भरते. तिथल्या लेखात आणखी एक बाई भेटते. धेनुकाकटच्या उसभणक नावाच्या शेतकरी कुटुंबप्रमुखाची बायको सिअगुतनिका, तिने नंद या मुलासह लेणे दान दिले. ही ओळ वहीत उतरवताना आयुष्यमती म्हणाल्या, "बघा, पोराला बरोबर घेतलं, पण नाव आधी तिचं."

घरच्यांचे काय, हे विचाराल. पहिल्यांदा मुलगा रागावला. या वयात डोंगर कशाला, पडलात तर कोण बघणार. शेजारी हसले. नातवंडांना शाळेतून आणायचे कुणी, हा प्रश्न मात्र खरा होता. लहान घरात म्हातारा-म्हातारी म्हणजे दळण, नळाचे पाणी, गॅसची टाकी आणि पोरे सांभाळणे यांची बिनपगारी नेमणूक. आम्ही तीही कामे करतो, करावीत. पण महिन्यातला एक दिवस आम्ही मागून घेतला, आणि सुनेनेच तो मिळवून दिला. ती म्हणाली की तिलाही तिच्या म्हातारपणी असा एक दिवस लागेल.

खर्चाचे म्हणाल तर लोकलचे तिकीट एका पाकीट बिस्किटापेक्षा फार महाग नाही. लांब जायचे तर एस.टी.ने पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या माणसाला अर्धे तिकीट आहे, ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीपुढे प्रवास फुकट आहे, आणि मार्च 2023 पासून बायकांना कोणत्याही वयात अर्धे तिकीट. आधारकार्ड जवळ ठेवा. भर दुपारी लोणावळा लोकल फार कमी असतात, म्हणून परतीची वेळ स्टेशनवर उतरतानाच विचारून घ्या. साखरेच्या गोळ्या, पाणी, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असते, तेव्हा जाऊ नका. कामशेतजवळच्या बेडसे लेण्यांकडे मात्र सकाळीच निघा, ती पूर्वाभिमुख आहेत. नाशिकच्या आनंद सेठींचा मुलगा पुष्यणक याचे नाव तिथे सकाळच्या उन्हात वाचता येते.

आता जरा कडू बोलतो. अमेरिकेतला तो डब्यांचा खेळ खेळणारे डबा होता तसा परत ठेवतात. आपल्याकडे लेखाच्या शेजारी, कधी लेखावरच, खिळ्याने बदाम कोरलेले असतात. फोटो नीट यावा म्हणून अक्षरांत खडू भरणारे शिकलेले लोकही आम्ही पाहिले. त्यात जयभीम म्हणणारी आपली पोरेही होती. 2010 च्या दुरुस्तीनंतर अशा संरक्षित वास्तूची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पण कायद्याचा पहारेकरी सगळीकडे पुरत नाही. आम्ही त्या पोरांना रागे भरलो नाही. वही काढली आणि ते ज्यावर खडू फिरवत होते ते नाव वाचून दाखवले. त्यांच्यातल्या एकाने रुमाल ओला करायला बाटली काढली, त्यालाही थांबवावे लागले. घासूनही अक्षर जाते.

आता राहिले जुन्नर. एकाच गावाभोवतीच्या डोंगरांत एवढी लेणी देशात दुसरीकडे नाहीत. लेण्याद्रीला अष्टविनायकाच्या दर्शनाला येणारे लाखो लोक ज्या डोंगरावर चढतात तो सगळा बुद्धलेण्यांचा आहे, आणि तो गणपतीही सातव्या क्रमांकाच्या लेण्यातच बसला आहे. शेजारच्या सहाव्या लेण्यातल्या चैत्यगृहावर कल्याणच्या सुलसदत्ताचे नाव आहे. जुन्नरच्या लेखांत धान्य विकणाऱ्यांची श्रेणी आहे, कासारांची आहे, आणि वसकार म्हणजे बांबूचे काम करणाऱ्यांचीही. सुपे-टोपल्या विणणाऱ्यांची संघटना एवढी विश्वासाची होती, की लोक भिक्खूसंघासाठीची ठेव तिच्याकडे ठेवत आणि तिच्या उत्पन्नावर दान चाले. हे सगळे लेख एका दिवसात होणार नाहीत. मुक्काम करावा लागेल.

दिवाळीनंतरची एस.टी. धरायची असे ठरले आहे. वही भरत आली, नवी दोनशे पानी आणली आहे. गुडघ्यासाठी दोन काठ्या आहेत, पण वर्गातल्या आणखी चार आजीबाई येतो म्हणाल्या आहेत. त्यांच्यासाठी काठ्या तासण्याचे काम फिटरसाहेबांकडे आहे.