रांग गेली कुठे?



अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यातील ऑरलँडो शहराजवळ वॉल्ट डिस्ने वर्ल्ड ही अवाढव्य मनोरंजननगरी आहे. १९७१ च्या ऑक्टोबरात ती सुरू झाली. आज तिच्यात चार मोठी थीम पार्क आहेत. तेथे जाणारा प्रेक्षक आगगाड्यांत, होड्यांत, रोलर कोस्टरवर बसायला म्हणून जातो आणि दिवसाचा मोठा भाग रांगेत उभा राहून काढतो. खेळ पाच मिनिटांचा आणि प्रतीक्षा दीड तासाची, हा तेथला नेहमीचा हिशेब.

ही रांग नाहीशी करण्यासाठी गेली पंचवीस वर्षे नवनवी यंत्रणा तेथे आणली जात आहे आणि दर वेळी काही प्रेक्षक खूश, तर काही संतप्त होत आहेत. त्यावर, ‘लोकांना नवे काही नकोच असते, सवय झाली की कुरकुर थांबेल,’ असे उत्तर हमखास दिले जाते. मला ते पटत नाही. तापमापीचा पारा चढला तर आपण तापमापीवर चिडत नाही, ताप कशामुळे आला ते पाहतो. प्रेक्षकांची तक्रार हेही एक मोजमापच आहे. ते काय दाखवते, ते आज पाहू.

आधी थोडा इतिहास. १९९९ मध्ये डिस्नेने ‘फास्टपास’ आणला. खेळाच्या दाराशी असलेल्या यंत्रात प्रवेशाचे तिकीट घातले की एक चिठ्ठी मिळे. तिच्यावर छापलेल्या एका तासाच्या अवधीत परत यायचे आणि वेगळ्या, छोट्या रांगेतून आत जायचे. यासाठी निराळे पैसे पडत नसत. २०१३ पासून चिठ्ठीची जागा मनगटी पट्ट्याने आणि संगणकावरच्या आरक्षणाने घेतली. पट्ट्यात रेडिओलहरींनी ओळख पटवणारी चकती होती. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना तीन खेळांच्या वेळा साठ दिवस आधी राखून ठेवता येत, इतरांना तीस दिवस आधी. या सगळ्या यंत्रणेवर सुमारे एक अब्ज डॉलर खर्च झाल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. मनगटावरच्या पट्ट्यातून मुलांविषयी कोणती माहिती गोळा होणार, असा प्रश्न अमेरिकन प्रतिनिधी एडवर्ड मार्की यांनी जानेवारी २०१३ मध्येच कंपनीला पत्र लिहून विचारला होता.

महासाथीमुळे २०२० मध्ये ही योजना थांबली. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिच्या जागी फोनवर चालणारी ‘जिनी प्लस’ ही योजना आली, आणि जे फुकट होते त्याला माणशी दिवसाला १५ डॉलर पडू लागले. सर्वाधिक मागणी असलेल्या काही खेळांचे पैसे त्याहूनही वेगळे. शिवाय पहिले आरक्षण त्याच दिवशी सकाळी सातला उघडे. म्हणजे सुट्टीवर आलेल्या आईबापांनी सातच्या ठोक्याला हातात फोन घेऊन सज्ज राहायचे! या योजनेची घोषणा झाली तेव्हाच तिच्यावर नापसंतीचा वर्षाव झाला होता. २०२४ च्या जुलैत कंपनीने नाव आणि नियम बदलले. हॉटेलात राहणाऱ्यांना सात दिवस आणि इतरांना तीन दिवस आधी वेळा राखता येऊ लागल्या. म्हणजे साठ दिवस आधी ठरवावे लागते म्हणून लोक चिडले, त्याच दिवशी ठरवावे लागते म्हणूनही चिडले, आणि शेवटी मधला मार्ग निघाला.

आता कागद-पेन्सिल घ्या. आकडे मी गणितासाठी धरले आहेत. समजा, एका खेळात तासाला १,००० माणसे बसू शकतात आणि रांगेत २,००० माणसे उभी आहेत. शेवटच्या माणसाला किती वेळ लागेल? उघडच आहे, दोन तास. आता व्यवस्थापकांनी तासाच्या १,००० जागांपैकी ७०० जागा आरक्षणवाल्यांसाठी बाजूला काढल्या. साध्या रांगेला उरल्या ३००. या रांगेत केवळ ६०० माणसे असली, तरी शेवटच्या माणसाला पुन्हा दोन तासच लागतील. रांग दिसायला तिसऱ्या हिश्शाहूनही लहान, पण प्रतीक्षा तेवढीच! ‘रांग छोटी दिसते, पण पुढे सरकतच नाही,’ असे म्हणणारा प्रेक्षक चुकत नसतो. त्याच्या डोळ्यांनी लांबी मोजली आणि पायांनी वेग मोजला, इतकेच.

या गणितामागे एक सुंदर नियम आहे. रांगेतील माणसांची संख्या म्हणजे दर तासाला येणारी माणसे गुणिले प्रत्येकाची सरासरी प्रतीक्षा. अमेरिकन संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली. रांगांचा गणिती अभ्यास त्याहूनही जुना आहे. डेन्मार्कच्या आगनर एरलांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोनच्या कॉलविषयी निबंध लिहून त्याचा पाया घातला.

आता नीट लक्ष द्या. नव्या यंत्रणेने त्या खेळातल्या खुर्च्या वाढल्या का? नाही. गाडी वेगाने सुटू लागली का? नाही. तासाला १,००० ही क्षमता तशीच राहिली. क्षमता तीच आणि इच्छुक तेवढेच असतील, तर कोणाची तरी प्रतीक्षा कमी झाली म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी वाढलीच पाहिजे. हा काही ऊर्जेच्या अक्षय्यतेसारखा निसर्गनियम नव्हे, पण हिशेबाची रीत तीच आहे. एका खात्यातून गेले ते कोणत्या खात्यात जमा झाले, हे विचारायचे.

आणखी एक गंमत आहे. साध्या रांगेत एका देहाला एकाच ठिकाणी उभे राहता येते. आरक्षण हातात असलेला माणूस मात्र एका रांगेत कागदावर उभा असतो आणि त्याच वेळी दुसऱ्या खेळाच्या रांगेत प्रत्यक्ष उभा राहू शकतो. मोठ्या खेळाच्या रांगेतून सुटलेली माणसे हवेत विरत नाहीत. ती लहान खेळांच्या, खाण्याच्या आणि वस्तूंच्या दुकानांत शिरतात, आणि जेथे पूर्वी पाच मिनिटे लागत तेथे वीस लागू लागतात.

ऑरलँडोतच युनिव्हर्सल कंपनीने मे २०१७ मध्ये ‘व्होल्कॅनो बे’ हे जलउद्यान उघडले, ते ‘येथे रांगाच नाहीत’ अशी जाहिरात करून. प्रेक्षकाने मनगटी पट्टा खांबाला टेकवायचा आणि पाळी येईपर्यंत मजेत हिंडायचे. सुरुवातीच्या काळात मात्र पाळी येण्यास कित्येक तास लागत असल्याच्या तक्रारी झाल्या. एका घसरगुंडीची पाळी धरली असताना दुसरीची धरता येत नसे. रांग डोळ्यांना दिसत नव्हती, प्रतीक्षा मात्र होतीच.

मग ही सारी यंत्रणा निरुपयोगी म्हणायची का? मुळीच नाही. रिकाम्या गेलेल्या खुर्च्या ती भरू शकते. दुपारची गर्दी सायंकाळकडे वळवू शकते. ‘अजून पन्नास मिनिटे’ हे आधी सांगू शकते, आणि तेही थोडे नव्हे. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये रांगेच्या मानसशास्त्रावर लिहिताना दाखवून दिले की, किती वेळ थांबायचे ते ठाऊक नसलेली प्रतीक्षा ठाऊक असलेल्या प्रतीक्षेहून लांब वाटते, आणि अन्यायाची प्रतीक्षा न्यायाच्या प्रतीक्षेहून लांब वाटते. यातले दुसरे वाक्य मला अधिक मोलाचे वाटते. बाजूच्या मार्गिकेतून पैसे भरलेली माणसे हसत पुढे जाताना पाहत उभे राहणे, याची मिनिटे घड्याळापेक्षा मोठी असतात.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. गैरसोय हटवण्याचे श्रेय कोणी यंत्रणेला देऊ लागला, तर त्याला तीन प्रश्न विचारावेत. क्षमता वाढली का? नसेल तर प्रतीक्षा कोठे गेली? आणि ती कोणाच्या वाट्याला आली?

थीम पार्कमध्ये या प्रश्नांचे उत्तर चुकले तर फार तर एक सुट्टी बिघडते. पण हेच गणित इतरत्रही लागू पडते. मे २०२१ मध्ये आपल्या देशात १८ ते ४४ वयाच्या लोकांचे कोविड लसीकरण सुरू झाले, तेव्हा कोविन संकेतस्थळावर आधी वेळ राखणे सक्तीचे होते. लसी कमी आणि इच्छुक अफाट. वेळा उघडताच काही मिनिटांत संपत. शहरांतले तरुण जलद इंटरनेटच्या बळावर खेड्यांतल्या केंद्रांवरील वेळा मिळवत आणि गाडीने तेथे पोहोचत. त्याच गावातला फोन नसलेला शेतमजूर रांगेत दिसतही नव्हता, कारण रांगेत उभे राहण्याची परवानगीच त्याला नव्हती. लोकांनी तक्रारी केल्या, सर्वोच्च न्यायालयानेही या विषमतेवर बोट ठेवले. २४ मे २०२१ रोजी सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची मुभा देण्यात आली. तक्रारींना ‘नव्याला विरोध’ म्हणून झटकले असते, तर ही दुरुस्ती झाली नसती.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा विषय वर्गात करून पाहण्याजोगा आहे. पोस्ट ऑफिस, रेशन दुकान किंवा सरकारी दवाखाना निवडा. दर पाच मिनिटांनी रांगेतली माणसे मोजा, तासात किती माणसे आली ते मोजा आणि लिटल यांच्या नियमाने सरासरी प्रतीक्षा काढा. मग काही जणांना प्रत्यक्ष किती वेळ लागला तेही घड्याळाने पाहा. दोन्ही उत्तरे जुळतात का ते वहीत मांडा. जेथे फोनवरून क्रमांक मिळतो, तेथे रांगेबाहेर थांबलेल्यांनाही मोजायला विसरू नका. त्यांना शोधायला थोडे कष्ट पडतील.