अर्जदार की कारभारी?

महाराष्ट्रातील सहकारी गृहरचना संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर व्हाव्या लागतात. कायद्यानेच तशी मुदत घालून दिली आहे. या सभांतील दृश्य मोठे बोलके असते. पाण्याच्या टाकीच्या सफाईला गतवर्षीपेक्षा दोन हजार रुपये अधिक का लागले, लिफ्टच्या दुरुस्तीसाठी तीन दरपत्रके का मागवली नाहीत, रंगकामाच्या ठेकेदाराला आगाऊ रक्कम कुणाच्या संमतीने दिली, असे प्रश्न ताळेबंदाची पाने हातात धरून विचारले जातात. अध्यक्ष आणि चिटणीस यांना घाम फुटतो. कधी शब्दाला शब्द लागतो. पण पैसा आपला आहे आणि त्याचा जाब विचारण्याचा अधिकारही आपला आहे, याविषयी एकाही सभासदाच्या मनात शंका नसते.

हेच सभासद संस्थेच्या फाटकाबाहेर पडले, की त्यांची वृत्ती पार पालटते. समोरचा पदपथ सहा महिन्यांत दुसऱ्यांदा उखडलेला असतो. चांगले फरसबंद काढून त्याजागी नवे बसवले जात असते. चौकातील दिवा मात्र दिवाळीपासून बंद असतो. हा सारा खर्च त्यांच्याच मिळकतकरातून होत असतो. तरीही त्यावर उद्गार निघतो तो एकच, ‘महापालिकेचा कारभार हा असाच!’ दोन हजार रुपयांचा हिशेब मागणारा सुशिक्षित माणूस हजारो कोटींच्या हिशेबापुढे मुका का होतो? केवळ उदासीनता हे याचे उत्तर नव्हे. संस्थेत त्याला सभा आहे, शहरात त्याला सभाच नाही, हे खरे उत्तर आहे.

पुण्याचा प्रयोग

ही उणीव भरून काढण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न पुण्यात झाला. २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून पुणे महापालिकेने अंदाजपत्रकात नागरिकांचा सहभाग हा उपक्रम सुरू केला. नितीन करीर तेव्हा आयुक्त होते. आपल्या भागात कोणती लहानसहान कामे व्हावीत हे नागरिकांनी सुचवावे, क्षेत्रीय कार्यालयाने त्यांची तांत्रिक तपासणी करावी, प्रभाग समितीने त्यांना संमती द्यावी आणि पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूद व्हावी, अशी ही योजना होती. एका कामाला पाच लाख रुपयांची मर्यादा घालण्यात आली. पदपथ, पथदिवे, बसथांबे, उद्यानातील बाके, सार्वजनिक स्वच्छतागृहांची दुरुस्ती, सांडपाण्याच्या वाहिन्या अशी दैनंदिन जीवनाशी निगडित कामे त्यात येत. देशातील बहुतेक महापालिकांना हा विचारही सुचला नव्हता, तेव्हा पुण्याने हे पाऊल उचलले. त्याबद्दल या शहराला आणि उपक्रमामागे उभ्या राहिलेल्या स्वयंसेवी संस्थांना श्रेय द्यायलाच हवे.

प्रारंभीच्या वर्षी या उपक्रमात प्रभागाप्रभागांतून नागरिकांच्या बैठकाही झाल्या. पुढे बैठका मागे पडल्या आणि फॉर्म तेवढा उरला. पावसाळ्याच्या अखेरीस महापालिकेने आवाहन करायचे, ज्याच्या वाचनात ते आले त्याने क्षेत्रीय कार्यालयात किंवा संकेतस्थळावर फॉर्म भरायचा आणि वाट पाहायची, असे त्याचे स्वरूप झाले. काम स्वीकारले की नाकारले, नाकारले तर कोणत्या कारणाने, स्वीकारले तर कोणत्या महिन्यात सुरू होणार, हे बहुतेकांना कळतच नाही. तरतूद झालेला पैसाही वर्षअखेरीस ‘वर्गीकरण’ या गोंडस नावाखाली दुसऱ्या कामाकडे वळू शकतो. कारभारात सहभागी होण्यासाठी निघालेला नागरिक अशा रीतीने पुन्हा अर्जदाराच्या रांगेत येऊन उभा राहिला.

रकमेचाही विचार करून पाहावा. पुणे महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक १२ हजार ६१८ कोटी रुपयांचे होते. एका प्रभागाला ७५ लाख रुपये मिळतात असे धरले, तरी ४१ प्रभागांची बेरीज ३१ कोटींच्या आतच राहते. म्हणजे शंभर रुपयांमागे जेमतेम चार आणे! उरलेले नव्व्याण्णव रुपये बारा आणे कसे खर्च व्हावेत, हे प्रशासन, स्थायी समिती आणि नगरसेवकांची ‘स’ यादी ठरवणार. त्या यादीतून उभ्या राहिलेल्या बाकांवर, कमानींवर आणि विरंगुळा केंद्रांवर ‘संकल्पना’ म्हणून कोणाचे नाव झळकते, हे प्रत्येक पुणेकराला ठाऊक आहे. करदात्याचे नाव त्यावर कधीच नसते.

आपली परंपरा काय सांगते?

लोकांनी एकत्र बसून सार्वजनिक पैशाविषयी निर्णय घ्यावा ही कल्पना पाश्चात्त्यांकडून आली, असा एक समज सुशिक्षित वर्गात आहे. तमिळनाडूतील कांचीपुरमजवळच्या उत्तरमेरूर गावातील मंदिराच्या भिंतीवरचे शिलालेख तो समज खोडून काढतात. चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातील, इसवी सन ९१९ आणि ९२१ मधील हे लेख आहेत. गावाच्या कारभारासाठी समित्या कशा निवडाव्यात, याचे नियम त्यांत कोरलेले आहेत. पात्र व्यक्तींची नावे ताडपत्राच्या पट्ट्यांवर लिहून ती घड्यात टाकली जात आणि एका अजाण बालकाकडून पट्टी काढवली जाई. बागांची समिती वेगळी होती, तलावाची वेगळी होती. त्यातील एक नियम तर आजच्या प्रत्येक सभागृहाच्या दारावर लिहून ठेवावा असा आहे. ज्याने पूर्वी समितीवर काम केले पण हिशेब दिला नाही, तो आणि त्याचे नातेवाईक पुढे निवडीला अपात्र ठरत. त्या व्यवस्थेतील पात्रतेच्या अटी आजच्या समतेच्या कसोटीवर टिकणाऱ्या नव्हत्या, हे खरे आहे. जमीन असणाऱ्या आणि वेदाध्ययन केलेल्या थोड्यांपुरतीच ती सभा होती. ते वगळून हिशेबाचे तत्त्व मात्र घ्यावे, यातच परंपरेचा खरा आदर आहे.

वर्तमानातील उदाहरण हवे असेल, तर अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार पाहावे. १९८९ मध्ये पोपटराव पवार तेथे सरपंच झाले, तेव्हा ते दुष्काळाने पिचलेले आणि स्थलांतराने ओस पडत चाललेले गाव होते. आज त्या गावात पावसाचे मोजमाप होते, उपलब्ध पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि त्यानुसार कोणती पिके घ्यायची हे ठरते. पाणी कमी असेल, तर त्याची झळ सर्वांनी मिळून सोसायची असते. हा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांनी लादला असता, तर गावाने तो पहिल्याच वर्षी झुगारला असता. शेजाऱ्यांच्या साक्षीने स्वतःच घेतल्यामुळे तो टिकला. पोपटरावांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. त्या सन्मानात ग्रामसभेचाही वाटा आहे.

जगात या पद्धतीचा बोलबाला झाला तो ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे या शहरामुळे. १९८९ मध्ये तेथे डाव्या विचारांच्या वर्कर्स पार्टीने ती सुरू केली. केरळात १९९६ मध्ये डाव्या आघाडीच्याच शासनाने राज्याच्या योजनानिधीचा ३५ ते ४० टक्के हिस्सा स्थानिक संस्थांकडे सोपवला. विचारसरणी पटत नाही म्हणून अनुभव नाकारण्याचे कारण नाही. पोर्तो अलेग्रेत शहराचे सोळा विभाग करून दरवर्षी जाहीर सभा घेतल्या जात. त्या सभांतून प्रतिनिधी निवडले जात आणि निधीवाटपाचे निकष आधीच ठरलेले असत. ज्या वस्तीत सुविधा कमी, तिला अधिक गुण मिळत. म्हणूनच तेथे गरीब माणूस सभेला येई. पाणी आणि सांडपाण्याच्या जोडण्या असलेल्या घरांचे प्रमाण तेथे १९८८ मधील ७५ टक्क्यांवरून १९९७ मध्ये ९८ टक्क्यांवर गेले. मात्र २००४ च्या निवडणुकीत तो पक्ष सत्तेवरून गेला आणि नंतर ही पद्धत क्षीण होत गेली. जी व्यवस्था एखाद्या पक्षाच्या किंवा एखाद्या कर्तबगार आयुक्ताच्या इच्छेवर उभी असते, ती त्याच्याबरोबरच जाते, हा त्यातला धडा आहे.

खेड्याला सभा, शहराला समिती

हा धडा भारतीय शहरांना विशेष लागू पडतो. ७३ व्या घटनादुरुस्तीने खेड्यातील प्रत्येक मतदाराला ग्रामसभेचा सभासद केले. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या काळासाठी ग्रामपंचायतींना दोन लाख कोटी रुपयांहून अधिक निधी थेट दिला आणि ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमातून गावाचे आराखडे ग्रामसभेपुढे येऊ लागले. अनेक गावांत ही ग्रामसभा कोरमअभावी तहकूब होते, हे नाकारता येणार नाही. पण दार तरी आहे. शहरांसाठीच्या ७४ व्या घटनादुरुस्तीने मात्र तीन लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांना प्रभाग समित्या दिल्या. त्यात मुख्यतः नगरसेवकच बसतात. मतदाराला तेथे जागा नाही.

ही त्रुटी ध्यानात घेऊन डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेत लोकसहभागाचा कायदा करण्याची अट केंद्राने राज्यांना घातली. महाराष्ट्राने २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून ‘क्षेत्र सभा’ आणली. काही मतदान केंद्रांचा परिसर म्हणजे एक क्षेत्र, तेथील सर्व मतदार तिचे सभासद आणि नगरसेवक तिचा अध्यक्ष, अशी ही कल्पना. शहरातील माणसाला ग्रामसभेच्या बरोबरीचे आसन देणारी ही तरतूद होती. केंद्राचा निधी आला, पूल आणि रस्ते झाले, क्षेत्र सभा मात्र कागदावरच राहिली. कोणत्याही पक्षाने तिच्यासाठी आग्रह धरला नाही. सत्ता वाटून घेण्याची वेळ आली, की सर्व रंगांच्या झेंड्यांचे एकमत होते, हे कटू असले तरी सत्य आहे. पुढे मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे पुण्यात निर्वाचित सभागृहच नव्हते आणि प्रशासकाने एकहाती अंदाजपत्रके केली. त्या काळात क्षेत्र सभा जिवंत असत्या, तर शहर इतके मुके राहिले नसते.

आक्षेप घेतला जातो, की सभा बोलावली तरी निवृत्त मंडळीच येतात, मोठ्या आवाजाचा माणूस बाजी मारतो आणि सामान्य माणसाला अंदाजपत्रक समजत नाही. पहिल्या दोन आक्षेपांत तथ्य आहे. पण फॉर्मने हा दोष दूर होत नाही, उलट तो वाढतो. फॉर्म भरतो तो इंटरनेट असलेला, कार्यालयात जाण्यास सवड असलेला माणूस. ज्या वस्तीत स्वच्छतागृहाचे दार मोडले आहे, तेथील धुणीभांडी करणारी भगिनी हा फॉर्म कधी भरणार? सभेत मात्र ती उभी राहून सांगू शकते आणि शेजारच्या सोसायटीतील गृहस्थ ते ऐकतात. आपल्या उद्यानातील कारंजे आणि तिच्या वस्तीतील दार यांत आधी काय व्हावे, हा प्रश्न फॉर्म कधीच विचारत नाही. सभा विचारते, आणि बहुतेक माणसे अशा वेळी न्यायाने वागतात. मागणी एकट्याने करता येते, प्राधान्य मात्र सर्वांनी मिळून ठरवावे लागते. अर्जदार आणि कारभारी यांतला फरक तो हाच.

तिसऱ्या आक्षेपाला तर उत्तराचीही गरज नाही. संस्थेचा ताळेबंद आणि गणेश मंडळाचा जमाखर्च ज्यांना समजतो, त्यांना प्रभागाचे चार पानी अंदाजपत्रकही समजेल. ते मराठीत आणि सोप्या तक्त्यात छापण्याची इच्छा मात्र हवी.

करावयाचे काय, हे फारसे गूढ नाही. फॉर्मची मुदत संपण्यापूर्वी प्रत्येक क्षेत्रात सभा झालीच पाहिजे आणि सुचवलेल्या कामांचा क्रम तिने लावला पाहिजे. स्वीकृत व नाकारलेल्या कामांची यादी कारणांसह क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लागली पाहिजे. नागरिकांनी सुचवलेल्या कामाचा निधी सभेला न विचारता वर्गीकृत होता कामा नये. तरतुदीचा ठरावीक भाग सुविधांपासून वंचित वस्त्यांसाठी राखून ठेवला पाहिजे. आणि पुढच्या वर्षीच्या सभेचा पहिला विषय मागच्या वर्षीच्या हिशेबाचा असला पाहिजे. जानेवारी २०२६ मधील निवडणुकांनंतर राज्यातील महापालिकांत पुन्हा लोकप्रतिनिधी आले आहेत. कोणत्याही पक्षाचे असोत, त्यांच्यासमोर ही मागणी पहिल्याच वर्षी ठेवणे इष्ट ठरेल.

परंतु केवळ मागणी करून सभा भरत नाहीत. ज्या कार्यकर्त्यांना घरोघर संपर्काची सवय आहे, आपत्तीच्या वेळी जे सांगण्याची वाट न पाहता धावतात, त्यांनी या रुक्ष दिसणाऱ्या कामाकडेही समाजकार्य म्हणून पाहायला हवे. पूर आणि भूकंप रोज येत नाहीत. मोडके दार, बंद दिवा आणि उखडलेला पदपथ मात्र रोज भेटतात. एका भागातील दहा कुटुंबांनी ठरवले, तर अंदाजपत्रकाची प्रत मागवता येते, माहिती अधिकारात कामांची स्थिती विचारता येते, वस्तीतील आणि सोसायटीतील माणसे एका सतरंजीवर बसवता येतात. यात टाळ्या नाहीत, हार नाहीत, वर्तमानपत्रात छायाचित्रही नाही. चिकाटी तेवढी लागते. राष्ट्राचा कारभार सुधारावा असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांच्या कर्तव्याचा आरंभ स्वतःच्या प्रभागातील पाच लाखांच्या कामापासून होतो.