इरईच्या पाण्यावर वल्हेच हवे

मोहर्लीस जाणारा प्रवासी प्रायः वाघासाठी जातो. इरई जलाशयातील नौकाविहार आणि तंबूंतील मुक्काम ह्यांचेही आकर्षण त्यात आता भर घालीत आहे. शहरी माणसाने दोन घटका पाण्यावर आणि एक रात्र उघड्या आकाशाखाली काढावी, ह्यात आम्हांस वावगे काही दिसत नाही. उलट, किती वाघ दिसले ह्याचा हिशेब मांडीत परतण्यापेक्षा हा आनंद अधिक निर्मळ होय. आमची हरकत आहे ती नावेच्या यंत्रास.

इरईचे धरण विहारासाठी बांधलेले नाही. चंद्रपूर शहराची तहान आणि २,९२० मेगावॉट क्षमतेच्या महाऔष्णिक वीजकेंद्राची गरज ह्याच पाण्यावर भागते. २०१० च्या उन्हाळ्यात पाणी आटले, तेव्हा तेथील संच बंद ठेवण्याची पाळी आली होती. जे पाणी घराघरांतील माठात जावयाचे, त्यावर इंजिनाच्या तेलाचा तवंग कशासाठी? शिवाय काठाला ताडोबाचे रान लागून आहे. तिन्हीसांजेला श्वापदे पाण्यावर उतरतात, आणि पर्यटकांसही नेमकी तीच वेळ रम्य वाटते!

वल्ह्याच्या नावेने उत्पन्न बुडेल, असा आक्षेप येईल. ज्यांस वेगाची हौस आहे, त्यांस तारकर्लीचा समुद्र मोकळा आहे. वल्ह्यास माणसे लागतात, हाच त्याचा मोठा गुण. पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर जगलेल्या ढीवर समाजातील तरुणांस हे काम दिले, तर पर्यटनाचा पैसा आसपासच्या गावांत राहील. बचावासाठी एखादी यांत्रिक नाव धक्क्यावर सज्ज असावी, एवढा अपवाद आम्हांस मान्य आहे.

कारण पाणी कोणाची गय करीत नाही. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात नाव उलटून आठ जण बुडाले. तेव्हा जीवरक्षक जाकीट आणि नावेतील माणसांची मोजणी ह्यांस कोणी कटकट म्हणू नये. (शाळेची सहल नेलेल्या मास्तरास ही मोजणी शिकवावी लागत नाही.)

दिवाळीच्या सुट्टीत मोहर्लीस गर्दी लोटते. त्यापूर्वी वनखाते, धरणाचे व्यवस्थापन आणि चंद्रपूर महानगरपालिका ह्यांनी एकत्र बसून नावांची संख्या, फेऱ्यांच्या वेळा आणि इंजिनबंदी ह्यांचे नियम ठरवावेत, आणि ते धक्क्यावर ठळक मराठीत लावावेत.