लढाई कोणाची, भरणा कोणाचा?

शेतकरी व कारागीर बंधूंनो,

शहरांतील पंडित एक वाद मोठ्या चवीनें घालतात. एक म्हणतो, युरोप शांततेचा पुजारी आणि अमेरिका लढाईखोर. दुसरा म्हणतो, अमेरिका शूर आणि युरोप भेकड. पिशोरसारख्या गांवीं कापूस-मका पिकविणाऱ्यानें या वादांत कां पडावें, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, त्या दोघांच्या राजकारणाचा भरणा आपल्याच पदरांतून होतो. म्हणून हिशेबाची वही आपणच उघडली पाहिजे.

दोघांच्या वृत्तींत फरक आहे, हें खरें. 1914 ते 1918 आणि 1939 ते 1945 या दोन महायुद्धांत युरोपचीं गांवेंच्या गांवें बेचिराख झालीं. ज्याचें घर एकदां जळालें, तो काडी ओढतांना कचरतो. अमेरिकेच्या घरांतील शेवटचें मोठें युद्ध 1865 सालीं संपलें. पुढच्या तिच्या मोठ्या लढाया समुद्रापलीकडे, दुसऱ्याच्या शिवारांत झाल्या. 2003 सालीं ती इराकवर चालून गेली, तेव्हां फ्रान्स व जर्मनी यांनीं विरोध केला. इंग्लंड मात्र तिच्याबरोबर गेलें.

परंतु एवढ्यावरून युरोपला साधु ठरविणारे आम्हांला फसवितात. 1956 सालीं सुएझ कालव्यासाठीं इजिप्तवर हल्ला करणारे इंग्लंड-फ्रान्सच होते, आणि त्यांना माघार घ्यावयास लावणारी अमेरिका होती! त्या वेळीं शांततेचा टिळा अमेरिकेच्या कपाळीं होता. टिळा बदलतो, स्वार्थ बदलत नाहीं.

आतां आपल्या घरचें पाहूं. याच इराकांत, कुत येथें, जवळजवळ पांच महिने वेढ्यांत उपाशी राहून इंग्रजांच्या फौजेनें 29 एप्रिल 1916 रोजीं तुर्कांपुढें शस्त्रें खालीं ठेविलीं. त्या फौजेंत मराठा पलटणी होत्या. कैदेंत कितीक शिपाई मेले. तीं मुलें कोणाचीं? नांगर धरणारांचीं. त्यांच्या आईबापांना लढाईपूर्वीं कोणी विचारलें होतें काय? 2003 सालीं अमेरिकेनें त्याच इराकसाठीं आपली फौज मागितली. लोकसभेनें त्या युद्धाची निंदा केलेली होती. आणि 14 जुलै 2003 रोजीं दिल्ली सरकारनें फौज पाठविण्यास नकार दिला. तो नकार योग्यच होता, असें आम्ही आजही म्हणतों.

पण रक्त वांचलें तरी घाम कोठें वांचतो? रशियाचें तेल घेतल्याबद्दल अमेरिकेनें 27 ऑगस्ट 2025 पासून आपल्या मालावर 25 टक्के जादा जकात बसविली. बहुतेक मालावर ती एकूण 50 टक्के झाली. युरोप स्वतः रशियाचा वायु विकत घेतच होता! त्याच महिन्याच्या 19 तारखेपासून दिल्लीनें परदेशी कापसावरील 11 टक्के आयात-कर उठविला, आणि ती सूट पुढें 31 डिसेंबरपर्यंत वाढविली. आपला नवा कापूस बाजारांत येतो, नेमके तेच महिने! गिरण्या अडचणींत होत्या, हें आम्ही जाणतों. विणकर बंधूंची चूलही सुतावरच पेटते. पण त्यांची अडचण भागविण्यास कापूसवाल्याचाच भाव कां टांगणीस लावावा? तो भार सरकारी तिजोरीनें उचलावयास नको होता काय?

आमचें मागणें सरळ आहे. परक्याच्या लढाईसाठीं फौज धाडण्यापूर्वीं संसदेंत उघड चर्चा व्हावी. हंगामाच्या तोंडावर आयात-कर हलविण्यापूर्वीं पिकविणाऱ्यास व विणणाऱ्यास एकत्र बसवून विचारावें. आणि बंधूंनो, पुढारी मत मागावयास दारीं आला, तर युरोप चांगला कीं अमेरिका, हें त्याला विचारूं नका. लढाई कोणाची आणि भरणा कोणाचा, एवढेंच विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत त्याला बाजेवरून उठूं देऊं नका.