बेदखलीची नोटीस

गेल्या महिन्यात वैजापूर कोर्टाच्या आवारात आमचे एक धर्मबांधव आम्हांस भेटावयास आले. धम्मदीक्षा घेऊन त्यांस दोनच वर्षे झाली आहेत. विहाराच्या कामात ते नेहमी पुढे असतात. त्यांच्या हाती एका जाहीर नोटिशीचा मसुदा होता. मुलाला घरातून व मिळकतीतून बेदखल केल्याचे त्यांस वर्तमानपत्रात छापावयाचे होते. मुलाचा अपराध एवढाच की, त्याची ओढ मुलीकडे नसून मुलाकडे आहे आणि हे त्याने बापापासून लपविले नाही.

आधी कायदा सांगतो. अशा नोटिशीने वडिलोपार्जित जमिनीतील मुलाचा हक्क जात नाही. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे. स्वकष्टार्जित मिळकतीचे मृत्युपत्र बाप आपल्या मर्जीने करू शकतो, पण ती गोष्ट निराळी. नोटिशीने साधते ते इतकेच की घरातले दुःख तालुकाभर होते. शिवाय हा गुन्हाही नव्हे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून वगळले. ज्या सांविधानिक नीतिमत्तेचा त्यास आधार होता, ती बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे मांडली होती.

"पण बाबासाहेबांना हे रुचले असते काय?" असे त्या गृहस्थांनी विचारले. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर १९३४ सालीच मिळालेले आहे. रघुनाथ धोंडो कर्वे आपल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकातून वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे देत. त्यावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा मुंबईत त्यांच्या बाजूने बॅरिस्टर आंबेडकर उभे राहिले. शंकांमध्ये समलिंगी संबंधांचाही विषय होता. बाबासाहेबांनी तो टाळला नाही. हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार देऊन, ज्याची ओढ जन्मतःच तशी आहे त्यात काही गैर नाही, असे त्यांनी प्रतिपादिले. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. जन्मावरून माणसास हीन ठरविणारी व्यवस्था आपण सोडली. तोच न्याय घरातल्या लेकराला लावावयाचा काय?

काही घरी यावर लग्नाचा तोडगा काढतात. न सांगता परक्या मुलीच्या गळ्यात असा संसार बांधणे हा चौथ्या शीलाचा उघड भंग आहे. मुलींची दशा तर आणखी कठीण, कारण त्यांस कोणी विचारीतच नाही. भगताकडे नेण्याचा विचार दीक्षा घेतलेल्याने मनातही आणू नये. 'बरे करण्याचे' उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली डॉक्टरांचे गैरवर्तन ठरविले आहेत.

तरुणांनी हे ध्यानात ठेवावे. मुंबईत १९९४ साली हमसफर ट्रस्ट व पुण्यात २००२ साली बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट याच कामासाठी स्थापिला. रात्री-अपरात्री जीव घाबरा झाला तर १४४१६ या क्रमांकावर टेलिमानसचा समुपदेशक मराठीत बोलतो. मारहाण होत असेल, कोंडून ठेवले असेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. अनुसूचित जातीच्या माणसास व कोणत्याही स्त्रीस तेथे उत्पन्नाची अट न घालता वकील मिळतो.

ते गृहस्थ मसुदा घेऊन परत गेले. नोटीस अद्याप छापून आलेली नाही. अशाच विवंचनेत कोणी असेल, बाप असो वा लेक, तर त्याने आम्हांस निःसंकोच भेटावे. फी नाही, आणि नाव बाहेर जाणार नाही.